तांबडी वही

आमच्या घरी भिंतीवरच्या क्रूसाखाली एक लहानसे लाकडी कपाट आहे. त्यात पवित्र शास्त्राच्या जीर्ण प्रतीला खेटून तांबड्या कापडी बांधणीची एक वही कित्येक वर्षे पडून आहे. वाळवीने तिचा एक कोपरा खाल्ला आहे. शाई कोठे निळी राहिली आहे, तर कोठे तपकिरी झाली आहे. आमच्या मुलांनी ती एकदा रद्दीत काढली होती आणि ती परत मिळविण्यासाठी आम्हाला रद्दीवाल्याच्या दुकानापर्यंत धावावे लागले होते. या वहीविषयी कधीतरी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु सेंद्रिय शेतीच्या अनुदानाचे जे एक प्रकरण आमच्याच बांधावर घडले, ते घडले नसते तर हे लिहिणे कदाचित राहूनच गेले असते.

आमचे वडील संगमनेर तालुक्यातील एका उपकेंद्रावर मिशनचे मास्तर होते. मुलांना प्रार्थना शिकविणे, शाळा घेणे, ज्या रविवारी फादर येणार असतील त्या रविवारी प्रभुमंदिर झाडून ठेवणे, आणि याखेरीज साऱ्या गावाचे अर्ज-विनंत्या लिहून देणे, अशी त्यांची नोकरी. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आम्ही चौदा वर्षांचे होतो. खडी फोडण्याची कामे, सुकडी, परदेशातून आलेला तांबडा गहू आणि मिलो, यांच्या आठवणी आमच्या पिढीच्या वाचकांना नव्याने सांगावयास नकोत. कॅथॉलिक रिलीफ सर्व्हिसेसमार्फत मिशनकडे गहू, तेल आणि दुधाची भुकटी येई. आमच्या गावापुरते त्याच्या वाटपाचे काम वडिलांकडे आले आणि त्यासाठीच त्यांनी ही वही घातली. कुटुंबप्रमुखाचे नाव, खाणारी तोंडे, गहू किती, तेल किती, आणि शेवटच्या रकान्यात सही किंवा अंगठा.

सुरुवातीस असा रिवाज पडला की, रविवारची मिस्सा आटोपली की वडील दाराशी उभे राहून यादी मोठ्याने वाचीत. अमुक, पाच माणसे, इतका गहू. तमुक, सात माणसे. नाव पुकारले की त्या घरचे माणूस पिशवी घेऊन पुढे येई. चोरी होऊ नये, कोणी दोनदा घेऊ नये, एवढाच हेतू. तिसऱ्या की चौथ्या रविवारी एका गवंड्याचे नाव पुकारले गेले आणि कोणीच पुढे आले नाही. तो गवंडी आपल्या हाताने प्रभुमंदिराची पायरी बांधलेला, बऱ्यापैकी मिळविता माणूस. परंतु दुष्काळात बांधकामे कोण काढतो? त्याची बायको मागच्या बाकाजवळ उभी होती. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती तशीच निघून गेली. पिशवी तिच्या हातात होती, हे आम्ही पाहिले.

त्या रात्री वडिलांनी गव्हाची गोणी खांद्यावर घेतली आणि कंदील आमच्या हाती दिला. गवंड्याच्या घरी कोणी काही बोलले नाही. गहू ओतून घेतला गेला, वडिलांनी वही पुढे केली आणि त्याने अंगठा उठविला. पुढच्या खेपेस फादर आले तेव्हा वडील त्यांना म्हणाले, "फादर, वही सर्वांना दाखवू. पण नावे पुकारावयाची नाहीत." त्या दिवसापासून वही प्रभुमंदिराच्या दाराशी, एका तिपाईवर, उघडी ठेवण्यात येऊ लागली. ज्याला पाहावयाचे त्याने पाने उलटावी. पुकारा बंद झाला.

या उघड्या वहीचा उपयोग पुढे निराळ्याच कारणासाठी झाला. 'गव्हासाठी बाटले' हा टोमणा तेव्हा आपल्या समाजाच्या वाट्याला नवा नव्हता. एकदा गावातील एक वजनदार गृहस्थ चार माणसांसह तिपाईपाशी येऊन उभे राहिले. त्यांनी अर्धा तास वही चाळली. तिच्यात ख्रिस्ती घरांच्या दुपटीने इतर घरांची नावे होती. त्यांच्या स्वतःच्या भावकीतीलही दोन होती. ते काही न बोलता निघून गेले. वडिलांनीही त्यांना थांबविले नाही.

आता मधली चाळीसएक वर्षे ओलांडून नाशिकला येतो. आम्ही शिक्षकी पेशात नाशिकरोडला स्थिरावलो. वडिलांची संगमनेरकडची जिरायत पट्टी नावावर असल्यामुळे शेतकरी असल्याचा दाखला मिळाला आणि २००८ साली, नाशिकपासून तासाभराच्या वाटेवर, एका खेड्यात दोन एकर जमीन घेता आली. गावाचे नाव येथे देत नाही. ज्यांची गोष्ट आहे ती माणसे अजून तेथेच नांदत आहेत. चहूकडे द्राक्षबागा आणि मध्ये आमचा गहू-हरभऱ्याचा तुकडा. शेजारच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला की आमच्या सौभाग्यवती वाळवणे उचलून आत पळत. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश सापडल्यामुळे युरोपने आपली द्राक्षे अडविली, तो घाव नाशिक जिल्हा विसरलेला नाही. लाखोंचा माल बंदरांत पडून राहिला. त्या वर्षी आमच्या शेजाऱ्याची बाग डोळ्यांदेखत तोट्यात गेलेली आम्ही पाहिली, आणि आपल्या दोन एकरांत तरी विष घालावयाचे नाही असे ठरविले.

ठरविणे सोपे असते. जीवामृताच्या एका पिंपाला दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी; हे ढवळायचे कोणी? सकाळ-संध्याकाळ ढवळून ढवळून आमचे मनगट सुजले. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले. सेंद्रिय म्हणून प्रमाणपत्र हवे, तर हंगामी पिकांना दोन आणि फळबागांना तीन वर्षे रूपांतरणाचा काळ काढावा लागतो. त्या काळात माल सेंद्रिय पद्धतीने पिकवायचा आणि विकायचा मात्र साध्या भावाने. लहान शेतकऱ्याचा दम तुटतो तो येथेच. म्हणूनच या काळात सरकारने हात द्यावा, ही मागणी रास्त आहे आणि सरकारने तो दिलाही.

केंद्र सरकारची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ साली सुरू झाली. पन्नास शेतकऱ्यांनी पन्नास एकरांचा गट करावा. गटातील शेतकऱ्यांना तीन वर्षांत मिळून एकरी २०,००० रुपयांपर्यंत, म्हणजे गटास १० लाख. शिवाय प्रशिक्षण, नोंदणी आणि सहभाग हमी पद्धतीचे प्रमाणपत्र यांसाठी ४ लाख ९५ हजार, असा तिचा मूळ आराखडा होता. आमच्या गावी २०१६ साली, आम्ही निवृत्त झालो त्याच वर्षी, असा एक गट उभा राहिला. गटप्रमुख तरुण, चळवळ्या आणि गोड बोलण्याचा. त्याच्यामुळेच पन्नास माणसे जमली, हे मान्य केलेच पाहिजे. गावकरी एरवी पाच जण एका विहिरीवर एकत्र येत नाहीत.

आमच्या बांधाला लागून एका वृद्ध विधवेची एकरभर जमीन आहे. आम्ही तिला मावशी म्हणतो. तिला लिहिता-वाचता येत नाही. परंतु आभाळ, जनावर आणि माणूस या तिन्ही गोष्टी ती आमच्यापेक्षा चांगल्या वाचते. तिचेही नाव गटात होते.

पहिल्या बैठकीत चहा झाला, सत्कार झाला आणि मग एका कागदांच्या चळतीवर सह्या घेण्यात आल्या. रकाने कोरे होते. "सर, दर वेळी तुम्हाला शहरातून कशाला धाडायचं? आत्ताच करून ठेवा," असे गटप्रमुख म्हणाला. आम्ही करून ठेवल्या. पस्तीस वर्षे मुलांना 'न वाचता सही करू नये' असे शिकविलेल्या माणसाने त्या केल्या. मावशीने आमच्याकडे पाहून अंगठा दिला. आमच्याकडे पाहून, हे मुद्दाम लिहितो.

तीन वर्षांत आमच्या घरी जे आले ते असे: एक निळे पिंप, गांडूळखताचा एक प्लास्टिकचा बेड, निंबोळी पेंडीच्या दोन गोण्या आणि जिवाणू खताच्या काही बाटल्या. एवढ्याने आम्हाला आनंदच झाला. फुकट मिळते आहे, मग हिशेब कसला विचारायचा? धर्माच्या गाईचे दात कोण मोजतो, अशीच आमची वृत्ती. चौकशी करणे आम्हाला अशिष्टपणाचे वाटले. सुशिक्षित माणसाची ही एक सोयीची सभ्यता असते.

२०१९ च्या पावसाळ्यात मावशी बांधावर येऊन म्हणाली, "गुरुजी, माझ्या नावावर कितीक आलं व्हतं?" तिचा नातू तालुक्याला कोणाशी तरी बोलताना काही ऐकून आला होता. तिच्या घरी फक्त पिंप आले होते. आम्ही म्हणालो, "मावशी, येईल बाकीचे. सरकारी काम आहे." ती गेली. आठ दिवसांनी पुन्हा आली आणि तेच विचारले. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने विचारले नाही; नुसती बांधावर बसली. त्या बसण्याने आम्हाला अर्ज लिहावयास लावले.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज आपल्या महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करता येतो. आपल्या राज्याचा यासंबंधीचा कायदा २००२ सालचा, अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून आलेला. देशाचा २००५ सालचा. त्याआधी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या सुमारास गावोगावी जनसुनवाया घेऊन मजुरांच्या हजेरीपटातील नावे चारचौघांत वाचून दाखविली होती, आणि मेलेली माणसेही कागदोपत्री खडी फोडत असल्याचे उघडकीस आणले होते. हे सर्व आम्ही वर्गात नागरिकशास्त्र म्हणून शिकविलेले. परंतु कायद्याचे कलम ४ नीट वाचले ते या अर्जाच्या निमित्ताने. अनुदानाच्या योजना कशा राबविल्या, त्यांवर किती रक्कम ठेवली आणि लाभ कोणाला मिळाला, याचा तपशील सरकारी कार्यालयाने, कोणी मागितला नाही तरी, आपणहून प्रसिद्ध केला पाहिजे, असे त्या कलमात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे मावशीला बांधावर तीनदा यावे लागावयास नको होते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही. पहिले अपील केले. नोव्हेंबरात अकरा पानांच्या नकला मिळाल्या, पानामागे दोन रुपये भरून. आम्ही त्या स्वयंपाकघरातील टेबलावर पसरल्या. मावशीच्या नावासमोर नऊ बाबी, नऊ अंगठे. मग आम्ही आमचे नाव शोधले. आमच्याही नावासमोर नऊ बाबी होत्या. घरी आल्या होत्या त्या चारच. फवारणी पंप, हिरवळीच्या खताचे बियाणे, गोमूत्र साठविण्याची टाकी, असे बरेच काही आम्हाला मिळाल्याचे तेथे नमूद होते, आणि प्रत्येक ओळीसमोर सही आमचीच होती. खोटी नव्हे, वळणदार, शिक्षकी, आमची.

सौभाग्यवती पाठीमागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे कागद गावात गेले, तर चोर कोण ठरेल?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. कागद तीन आठवडे कपाटात राहिले. योगायोगाने त्याच कपाटात, त्याच वहीवर.

त्या तीन आठवड्यांत आम्ही स्वतःची समजूत घालण्यासाठी पुष्कळ वाचले. नावे प्रसिद्ध करू नयेत असे कोणी शहाण्या माणसाने म्हटले आहे काय, हे आम्ही शोधत होतो, आणि तसे म्हणणारे सापडलेही. युरोपात शेतकऱ्यांना अनुदाने फार मोठी. ती कोणाला जातात हे २००४-०५ च्या सुमारास डेन्मार्क, ब्रिटन आदी देशांतून उघड होऊ लागले, तेव्हा लहान शेतकऱ्याच्या नावाने जाणाऱ्या पैशाचा मोठा वाटा बड्या कंपन्यांना आणि राजघराण्याच्या जमिनींना जात असल्याचे लोकांना कळले. पुढे सर्वच नावे आणि रकमा प्रसिद्ध करण्याचा नियम झाला. त्याविरुद्ध जर्मनीतील हेसे प्रांतातील शेतकरी लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेले, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांची नावे द्या. परंतु रक्कम किती, किती काळ मिळाली, असा कोणताही भेद न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव जगासमोर टांगणे प्रमाणाबाहेरचे आहे, असा त्याचा आशय. हे वाचताना आम्हाला त्या गवंड्याच्या बायकोची आठवण झाली. पिशवी, पुढे ओढलेला पदर, सारे.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. २०१३ साली युरोपने नवा नियम केला. नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली, मात्र अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची, ढोबळमानाने १,२५० युरोंच्या आतली, नावे झाकण्यात आली. रक्कम दिसावी, माणूस दिसू नये. म्हणजे पुकारा नको, वही उघडी असावी. आमच्या वडिलांना लक्झेंबर्ग कोठे आहे हे ठाऊक नव्हते.

आपल्याकडे काय? प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून मिळू लागले आणि त्याची गावनिहाय यादी कोणालाही पाहता येईल अशी सोय सरकारनेच केली. तरीही २०२१ साली संसदेत सांगण्यात आले की, सुमारे ४२ लाख अपात्र लोकांना जवळजवळ ३,००० कोटी रुपये गेले आहेत. यादी उघडी असली म्हणजे भागते असे नाही. ती कोणी वाचावीही लागते. शेजारी प्राप्तिकर भरतो हे गावाला ठाऊक असते, परंतु शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? उलट दिशेने, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली जो कायदा झाला, त्याने माहिती अधिकारातील खासगीपणाचे कलम पुष्कळ ताणले आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेलीच खासगी माहिती नाकारता येई. आता वैयक्तिक माहिती म्हटली की कार्यालयाला हात वर करता येतात. सार्वजनिक हित मोठे असेल तर ती देण्याची वाट कायद्यात अजून उरली आहे, आणि कलम ४ मधील लाभार्थ्यांच्या तपशिलाची तरतूदही जागेवर आहे. पण मावशीने ही वाट कोणाच्या आधाराने चालावी?

द्राक्षांच्या बाबतीत तर गंमतच आहे. निर्यातीच्या बागेची नोंद ग्रेपनेटवर असते. युरोपातील दुकानदार पेटीवरच्या क्रमांकावरून थेट आमच्या शेजाऱ्याच्या बागेपर्यंत पोहोचू शकतो. केव्हा काय फवारले हे त्याला कळू शकते. आणि आम्हाला, एका बांधावर राहून, मावशीच्या नावावर काय उचलले गेले ते कळावयास पाच महिने लागले.

आमच्या धर्मग्रामातील एका स्नेह्यांजवळ आम्ही हे बोललो. ते पॅरिश कौन्सिलवर आहेत. दर वर्षी धर्मग्रामाचा जमाखर्च सूचनाफलकावर लावण्याचा आग्रह त्यांचाच. ते म्हणाले, "पण सर, डाव्या हाताला कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे ना?" आम्ही त्यावर दोन दिवस विचार केला. आमच्या अल्प मतीप्रमाणे ती शिकवण देणाऱ्यासाठी आहे, आणि तीही स्वतःच्या खिशातून देणाऱ्यासाठी. सरकार स्वतःच्या खिशातून देत नाही. मावशी काडेपेटी विकत घेते, चहाची पुडी घेते, त्यात तिचाही कर असतो. हे धर्मदान नव्हे. म्हणून येथे दात मोजलेच पाहिजेत. १९९० च्या दशकात नगर भागात फादर हर्मन बाखर यांच्या प्रेरणेने पाणलोटाची कामे झाली. तेव्हा गावानेच आपली समिती नेमावी आणि काम तिच्यामार्फत चालावे यावर केवढा भर होता, हे संगमनेरकडील वाचकांना आठवत असेल. आमचे नातलग त्या कामांवर होते. कोणत्या बांधाला किती खर्च आला हे पोरेटोरेही सांगत.

शेवटी आम्ही आधी गटप्रमुखाकडे गेलो. कागद पाहून तो रागावला नाही, खाली बसला. म्हणाला, "सर, बिलं पुरवठादारानं आधी घेतली, माल नंतर देतो म्हणाला. मी तीन खेपा माझ्या खर्चानं गाडी नेली. अर्धाच माल मिळाला. आता नावं बाहेर गेली तर गट मोडेल, पुढचं अनुदान बंद पडेल. आणि तुमचीही सही आहे." त्यात धमकी नव्हती, भीती होती. तो स्वतः किती निर्दोष होता हे आम्हाला आजही ठाऊक नाही. परंतु त्याच्याकडे नवा ट्रॅक्टर आला नव्हता, एवढे आम्ही पाहिले होते.

२६ जानेवारी २०२० च्या ग्रामसभेत आम्ही उभे राहिलो. पन्नास नावे वाचण्याचा आमचा बेत नव्हता; ते आम्ही संगमनेरलाच सोडून आलो होतो. आम्ही फक्त आमचे एकट्याचे पान वाचले. नऊ बाबी वाचल्या, कोणत्या चार मिळाल्या ते सांगितले, कोऱ्या रकान्यांवर आपण सही केली हेही सांगितले, आणि बाकीची पाने पंचायतीच्या टेबलावर ठेवली. ज्याला आपले पाहावयाचे त्याने येऊन पाहावे. सभा बराच वेळ गप्प होती. मागून कोणीतरी म्हणाले, "पेन्शनवाल्यानं कशाला घ्यायचं अनुदान?" याचेही उत्तर आमच्याजवळ नव्हते, योजनेत तशी मनाई नव्हती, एवढेच. मग एक जण उठला, टेबलाजवळ गेला, पान शोधून बोटाने ओळी मोजू लागला. त्याच्यामागे दुसरा. संध्याकाळपर्यंत टेबलाभोवती माणसे होती.

त्याचे फळ काय, असे वाचक विचारतील. चौकशी लागली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काही जणांना बेड आणि पंप पोहोचले. मग टाळेबंदी आली आणि सारे जागच्या जागी थांबले. गट पुढे मोडला. निम्मी माणसे रासायनिक शेतीकडे परतली. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. गटप्रमुख वर्षभर बोलत नव्हता. नंतर एकदा कांद्याची रोपे मागावयास आला आणि बसला. आमच्या तुकडीनंतर, २०१८ च्या सुधारित नियमांनी, निविष्ठांचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात देण्याची पद्धत आली आहे. ती बरीच म्हटली पाहिजे. निदान पासबुक खोटा अंगठा उठवीत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले, २,४८१ कोटींचे, एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे. त्याच्या बैठकीचा निरोप आमच्या गावीही आला. पुन्हा चहा होता. या वेळी कागद वाचून घेण्यासाठी आम्ही चष्मा बरोबर नेला.

मावशीला पंप मिळाला नाही. एक बेड मिळाला, तोही फाटका. तो तिने शिवून घेतला. ग्रामसभेच्या दुसऱ्या दिवशी ती आमच्या ओसरीवर आली होती. "माझं नाव कुठंशी हाय, ते दाखवा," म्हणाली. आम्ही पान काढून तिचे बोट धरून ओळीवर ठेवले. तिने बोट तसेच बराच वेळ ठेवले. मग ते सरकवीत सरकवीत शेवटच्या रकान्यापर्यंत नेले, तेथल्या निळ्या ठशांकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, ह्यातला माझा कोणता?"